लेझर की जीपीएस : गोल्फमधील अंतरमापनाची पार्श्वभूमी

गोल्फसाठी अंतर मोजणारे लेझर उपकरण घ्यावे की जीपीएसचे घड्याळ, हा प्रश्न मुंबईतील क्लबांमध्ये बहुतेक वेळा किंमत, बॅटरी आणि वजन यांच्या अंगाने चर्चिला जातो. एप्रिल-मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेने काही स्पर्धांपुरती अशा उपकरणांना प्रायोगिक परवानगी दिल्यानंतर या चर्चेला नव्याने तोंड फुटले. परंतु ही दोन उपकरणे मुळात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि ते का, हे त्यांच्या इतिहासावरून अधिक स्पष्ट होते. लेझर समोर दिसणाऱ्या वस्तूपर्यंतचे अंतर त्या क्षणी मोजतो. जीपीएस मात्र खेळाडू कुठे उभा आहे एवढेच ठरवते आणि उरलेले काम आधी कोणीतरी तयार करून ठेवलेल्या नकाशावर सोपवते.

मुंबईत गोल्फ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पोहोचला होता. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना १८४२ ची मानली जाते. पुढे ताडदेवचा विलिंग्डन क्लब १९१८ च्या सुमारास आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ मध्ये सुरू झाला. त्या काळात जगभर सर्वत्र हा खेळ अंदाजाने खेळला जात असे. अमुक झाडापासून कोणता क्लब, म्हणजे चेंडू मारायचा दांडा, पुरतो, हे खेळाडूला सवयीने आणि त्याची पिशवी वाहणाऱ्या कॅडीला अनुभवाने ठाऊक असे. ‘सात नंबर घ्या’ असे कॅडी सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात अंतर, वारा, जमिनीचा चढ आणि समोरच्या खेळाडूची ताकद या सर्वांचा हिशेब आलेला असतो. यार्डांचा आकडा त्याने उच्चारलेलाही नसतो. उपकरणांनी यांपैकी फक्त पहिली गोष्ट वेगळी काढून तिला आकडा दिला, हे पुढील सर्व इतिहास वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

आकड्याने खेळण्याची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेतील काही हौशी खेळाडूंनी रुजवली. डीन बीमन हे त्यांपैकी एक, जे पुढे १९७४ ते १९९४ अशी वीस वर्षे पीजीए टूरचे आयुक्त होते. स्पर्धेपूर्वी मैदानावर चालत फिरायचे, ठरावीक झाड, बंकरची (वाळूच्या खड्ड्याची) कड किंवा पाणी शिंपडण्याच्या नळाचे तोंड यांपासून ग्रीनपर्यंतची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंतची, पावले मोजायची आणि ती वहीत टिपून ठेवायची, असा हा प्रकार होता. १९६१ च्या यूएस ॲमॅच्युअर स्पर्धेसाठी पेबल बीच येथे सराव करताना बीमन यांनी ही युक्ती तरुण जॅक निकलस यांना सुचवली. निकलस यांनी ती स्पर्धा जिंकली आणि पुढे कारकीर्दभर ही पद्धत सोडली नाही. पाहता पाहता वही ही व्यावसायिक खेळाडूच्या पिशवीतील अटळ वस्तू झाली, तर सामान्य खेळाडूंच्या सोयीसाठी १००, १५० आणि २०० यार्डांच्या खुणा फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, आल्या. आपल्याकडे मोजमापे मेट्रिक झाली तरी गोल्फमध्ये यार्डच टिकून राहिले आहेत.

वहीचा एक गुण आणि एक दोष आहे, आणि दोन्ही पुढे जीपीएसकडे वारशाने आले. गुण असा की, जे दिसत नाही त्याचेही अंतर वही सांगते. उंचवट्यापलीकडचे तळे किंवा वळणामागचा बंकर वहीत नोंदलेला असतो. दोष असा की, वही मोजणाऱ्याच्या त्या दिवसाशी बांधलेली असते. ग्रीनवरील होलची, म्हणजे चेंडू घालायच्या खळग्याची, जागा तर सतत बदलली जाते. त्यासाठी वहीवाल्यांना रोजचा वेगळा कागद लागतोच.

दिसणाऱ्या वस्तूचे अंतर दुरून मोजण्याची परंपरा मात्र वेगळी आहे आणि ती युद्धाच्या अंगाने वाढली. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवलेली अंतरमापक यंत्रे ब्रिटिश युद्धनौकांवर बसली. दोन टोकांना असलेल्या दोन भिंगांतून दिसणाऱ्या प्रतिमा जुळवून, त्रिकोणाच्या गणिताने ती अंतर सांगत. गोल्फमध्ये याहून साधी दुर्बीण आली. होलमध्ये उभ्या असलेल्या फ्लॅगच्या काठीची उंची सात फूट धरायची आणि ती दुर्बिणीत किती लहान दिसते त्यावरून अंतर काढायचे, हे तिचे तत्त्व. काठी प्रत्यक्षात साडेसात फुटी असली की १५० यार्डांचे १४० होत. दहा यार्ड म्हणजे जवळजवळ एका क्लबाचा फरक, त्यामुळे ही दुर्बीण फारशी विश्वासार्ह ठरली नाही, यात नवल नाही.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेझर चालवून दाखवला, आणि काही वर्षांतच सैन्यांनी त्याचा उपयोग अंतर मोजण्यासाठी सुरू केला. तत्त्व अगदी सरळ आहे: प्रकाशाचा लहानसा झोत सोडायचा, तो आदळून परत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि प्रकाशाच्या वेगाने गुणून त्याचे निम्मे करायचे. अडचण वेळेच्या सूक्ष्मतेची होती. १५० यार्डांचा जाण्यायेण्याचा प्रवास प्रकाश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही थोड्या कमी वेळात पूर्ण करतो, आणि एका यार्डाचा फरक ओळखायचा तर सुमारे सहा नॅनोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. एवढे बारीक घड्याळ आणि एवढा लहान लेझर हातात मावणाऱ्या, सामान्य माणसाला परवडणाऱ्या डब्यात बसवायला इलेक्ट्रॉनिक्सला तीन दशके लागली. बुशनेल कंपनीची ‘यार्डेज प्रो’ उपकरणे १९९० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आली. ती शिकारी आणि गोल्फ खेळाडू या दोघांनाही विकली जात.

गोल्फसाठी लेझर वापरताना खरी कसोटी मोजण्याची नसून निवडीची असते. काठी अगदी बारीक, मागे झाडांची दाट भिंत, आणि धरणारा हात थरथरणारा. झोतातील बराचसा प्रकाश झाडांवरूनच परततो. म्हणून उपकरण अनेक झोत सोडून परतीच्या वेळांची छाननी करते आणि जवळच्या वस्तूला प्राधान्य देते. काठी सापडल्याची खूण म्हणून हातात हलकासा कंप देण्याची सोय नंतर आली, आणि प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा त्याही नंतर. अनेक मैदानांवर काठीच्या टोकाजवळ आलेल्या प्रकाशाला आल्या दिशेनेच परत पाठवणारे लहान प्रिझम बसवतात. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेला आरसाही याच जातीचा आहे, आणि पृथ्वीवरून चंद्राचे अंतर मोजण्यासाठी तो आजही वापरला जातो.

जीपीएसचा प्रवास याहून सरकारी आणि अधिक नाट्यमय आहे. अमेरिकी संरक्षण खात्याचा पहिला जीपीएस उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सुटला. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकलेले कोरियन एअर लाइन्सचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, आणि त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू लागली. गंमत अशी की, तीही मुळात वेळच मोजते: सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोहोचले, यावरून ग्राहक यंत्र आपली जागा आणि घड्याळातील चूक अशा चार अज्ञात राशी सोडवते.

परंतु नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिकेने मुद्दाम चूक मिसळलेली होती, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. असे उपकरण जहाजाला चालते, गोल्फला नाही. तरीही १९९० च्या दशकात अमेरिकेतील काही मैदानांवर गोल्फ कार्टमध्ये, म्हणजे मैदानावर फिरायच्या छोट्या गाड्यांमध्ये, जीपीएसचे पडदे बसले. त्यामागची युक्ती म्हणजे क्लबहाउसपाशी अचूक जागा ठाऊक असलेले एक स्थिर यंत्र ठेवायचे, उपग्रहांची त्या क्षणीची चूक त्याच्याकडून काढायची आणि ती दुरुस्ती रेडिओने सर्व कार्टना पाठवायची. हा खटाटोप खर्चीक होता, म्हणून जीपीएस बराच काळ खेळाडूच्या खिशात न येता मैदानाच्या मालकीचे राहिले.

१ मे २००० च्या मध्यरात्री अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही मुद्दाम मिसळलेली चूक बंद झाली. भारतात तेव्हा २ मेची सकाळ उजाडलेली होती. नागरी ग्राहक यंत्रे जवळपास एका रात्रीत कित्येक पटींनी अचूक झाली. माझ्या मते गोल्फच्या अंतरमापनातील सर्वांत मोठा टप्पा हाच, आणि त्यात गोल्फच्या कोणत्याही संस्थेचा काडीचाही हात नव्हता. त्यानंतरच्या वर्षांत स्कायकॅडीसारखी हातात धरायची उपकरणे आली. माणसे पाठवून प्रत्यक्ष चालत मोजलेले नकाशे हे स्कायकॅडीचे भांडवल होते. बीमन यांच्या वहीचेच हे यांत्रिक रूप म्हणता येईल. इतरांनी हवाई आणि उपग्रह छायाचित्रांवरून नकाशे काढले. २००८ नंतर मोबाइलवरील ॲप्स आणि पाठोपाठ मनगटी घड्याळे आली, तेव्हा नकाशांची संख्या झपाट्याने वाढली, मात्र त्यांची गुणवत्ता एकसारखी राहिली नाही. मैदानाची पुनर्रचना झाल्यावर कंपनीने नकाशा बदलला आहे की नाही, हे खरेदीपूर्वी तपासणे म्हणूनच उपकरणाच्या जाहिरातीतील अचूकतेपेक्षा महत्त्वाचे ठरते.

नियमांनी या दोन्ही उपकरणांना बराच काळ दाराबाहेर ठेवले. अंतर ओळखणे हा कौशल्याचाच भाग आहे, अशी जुनी धारणा होती. १ जानेवारी २००६ पासून आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी स्थानिक नियमाद्वारे परवानगी देण्याची मुभा स्पर्धा समित्यांना दिली, परंतु उपकरणात चढ-उतार मोजण्याची सोय असेल तर ती न वापरताही खेळाडू दोषी ठरत असे. २०१६ मध्ये ही अट सैल झाली आणि सोय बंद ठेवली की पुरे, असे ठरले. १ जानेवारी २०१९ च्या नव्या नियमावलीने क्रमच उलटला: आता उपकरण मूलतः चालते, आणि नको असेल तर समितीने तसा स्थानिक नियम करावा लागतो. भारतात आर अँड ए चे नियम लागू असल्याने येथील क्लबांच्या स्पर्धांनाही हेच लागू होते. मे २०२१ मध्ये किआवा आयलंड येथील पीजीए चॅम्पियनशिप ही अशा उपकरणांना परवानगी देणारी पहिली प्रमुख स्पर्धा ठरली. खेळाचा वेग वाढेल हे त्यासाठी दिलेले कारण कितपत खरे, याबद्दल मला शंका आहे; अनेक खेळाडू लेझरने मोजून झाल्यावर वहीही उघडतातच.

हा इतिहास मुंबईच्या मैदानांवर ठेवून पाहिला की निवडीचे निकष आपोआप वेगळे होतात. जून ते सप्टेंबरच्या पावसात थेंब लेझरचा झोत विखुरतात आणि दमट हवेने भिंगावर वाफ धरते. जीपीएसच्या रेडिओलहरींना पावसाने फरक पडत नाही. उलट ताडदेव-महालक्ष्मी परिसरात उंच इमारतींवर आदळून वळसा घेऊन येणारे संदेश जीपीएसला थोडे फसवू शकतात, आणि चेंबूरसारख्या वृक्षवेढ्या मैदानावर दाट पानांखाली तेच होते. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असते, असे अमेरिकी सरकारचेच म्हणणे आहे. विषुववृत्ताजवळच्या आयनोस्फियरमुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, भारतावर ही चूक दुपारनंतर आणि सूर्यास्तानंतर वाढते. विमानांसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेल्या गगन यंत्रणेला म्हणूनच भारतीय प्रदेशासाठी खास आयनोस्फियर प्रतिमान तयार करावे लागले. मुंबईकर खेळाडू उन्हाच्या भीतीने पहाटेच बाहेर पडतो, तेव्हा नकळत का होईना ही अडचण तो टाळतोच.

पाच मीटरच्या चुकीपेक्षा होलच्या जागेचा प्रश्न मात्र मोठा आहे. पुढून मागे तीस यार्ड खोल असलेल्या ग्रीनवर घड्याळ मधल्या बिंदूचे अंतर दाखवत असेल आणि होल मागच्या कडेला असेल, तर पंधरा यार्डांची, म्हणजे एक-दीड क्लबाची तफावत निघते. तेथे लेझरला पर्याय नाही. ग्रीन नजरेआड असेल किंवा बंकर ओलांडायला किती लागेल हे हवे असेल, तेथे लेझर निरुपयोगी आणि नकाशा उपयोगी. नव्याने मैदानावर येणाऱ्या पाहुण्या खेळाडूला म्हणून मी आधी घड्याळ सुचवीन, आणि आपलेच मैदान वर्षानुवर्षे खेळणाऱ्याला लेझर. त्याला बंकर कुठे आहेत हे कोणी सांगण्याची गरज नसते, आज होल कुठे आहे एवढेच हवे असते. दोन्ही एकत्र देणारी उपकरणे आता मिळतात, पण ती महाग आहेत आणि पडद्यावर इतके आकडे दाखवतात की वेग वाढण्याऐवजी घटतो.

खारघरच्या डोंगरपायथ्याच्या मैदानावर चढ-उतार हिशेबात घेणाऱ्या लेझरचा खरा उपयोग होतो, कारण तेथे सरळ रेषेतील अंतर आणि खेळायचे अंतर यांत डोळ्याला जाणवण्याइतका फरक पडतो. सरावाच्या फेरीत ही सोय जरूर वापरावी. स्पर्धेत मात्र ती बंद ठेवावी लागते. वापरल्यास पहिल्या चुकीला मॅचप्लेमध्ये (एकेक होल जिंकण्याच्या प्रकारात) तो होल गमावण्याचा आणि स्ट्रोकप्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड आहे, दुसऱ्या चुकीला स्पर्धेतून बाद. सोय बंद आहे हे सहखेळाडूंना दिसावे म्हणून अनेक उपकरणांवर बाहेरून दिसणारे बटण असते. खरेदी करताना ते बटण आहे का, हे पाहून घेतलेले बरे.