कळी उमलली असताना पंप उचलू नका

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात डाळिंबाचा बहार धरला की शेतकऱ्याचा जीव कळीत अडकतो. डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन तऱ्हेची फुलं येतात. बूड फुगीर असलेल्या फुलात फळ धरतं, घंटेच्या आकाराचं नर फूल गळून पडतं. पण गळण्याआधी त्याचा पराग दुसऱ्या फुलावर पोहोचला तर सेटिंग, म्हणजे फळधारणा, चांगलं होतं, आणि हे काम मुख्यतः मधमाश्या करतात.

नेमकी त्याच दिवसांत फवारणीची घाई असते. फळ पोखरणारी सुरसा ही खरं तर एका जांभळट फुलपाखराची अळी. मादी कळीवर किंवा कोवळ्या फळावर अंडं घालते. तिच्यासाठी मारलेलं औषध बांधावरच्या तरवडावर, घाणेरीवर बसलेल्या निरुपद्रवी फुलपाखरांवरही उडतं.

मावा-फुलकिड्यांसाठी वापरलेली इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसातून परागात आणि मधुरसात उतरतात. ती कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर, कोणती माशी परतली हे कळावं म्हणून, इवल्याशा रेडिओ-चकत्या चिकटवून थायमेथोक्झामचा परिणाम तपासला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की जीव जाणार नाही इतक्या मात्रेनंतरही बऱ्याच माश्या पोळ्यापर्यंत परतू शकल्या नाहीत. म्हणजे बागेत मेलेल्या माश्या दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त राहता येत नाही. युरोपीय संघाने 2018 मध्ये या दोन औषधांचा आणि क्लोथियानिडिनचा उघड्या शेतातला वापर थांबवला.

डब्यावरचा हिरवा त्रिकोण पाहून ‘हे औषध सौम्य’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. तो रंग माणसाला आणि सस्तन प्राण्यांना असलेला धोका सांगतो, माशीला असलेला नाही! त्यामुळे लेबलावरचा मधमाश्यांबद्दलचा मजकूर वेगळा वाचावाच लागतो.

आग्या मोहोळ निदान नजरेत भरतं. एकएकट्या राहणाऱ्या बहुसंख्य रानमाश्या मात्र जमिनीत बिळं करतात, आणि आळवणीचं, म्हणजे झाडाच्या बुडाशी ओतलेलं, औषध थेट त्यांच्या घरात झिरपतं. मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण ही घरं आपल्याला दिसतच नाहीत.

फुलोऱ्यात फवारणी टाळावी. टाळता येत नसेल तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर करावी. आंतरप्रवाही औषधाला मात्र ही वेळेची पळवाट नाही. सुरसाची पोखरलेली फळं वेचून नष्ट करावीत, सेटिंगनंतर फळांना पिशव्या घालाव्यात. आणि बांधाची एखादी पट्टी न नांगरता, तणनाशक न मारता तशीच सोडावी.