वंगारी माथाई : जगलेल्या रोपांचा हिशेब

केनियातल्या डोंगराळ न्येरी भागातलं इहिथे हे झाडं लावण्याची चळवळ उभी करणाऱ्या वंगारी माथाई यांचं जन्मगाव. साल १९४०. त्यांच्या घराजवळ आपल्या वड-उंबराच्या कुळातलं एक भलंमोठं झाड होतं. गिकुयू लोक त्याला ‘मुगुमो’ म्हणतात आणि पवित्र मानतात. ‘या झाडाचं सरपण आणायचं नाही,’ असं आईने लहानग्या वंगारीला बजावलं होतं. जवळच झरा होता. त्यातली बेडकांची अंडी मण्यांसारखी दिसायची, पण उचलायला गेलं की फुटायची. पुढे जमीन दुसऱ्याकडे गेली. नव्या मालकाने चहा लावण्यासाठी झाड तोडलं आणि झरा आटला.

असं का झालं? या झाडांची मुळं खडकाच्या फटींत खोल शिरतात. पावसाचं पाणी त्यांच्या कडेकडेने खाली मुरतं, मातीही धरून ठेवली जाते. झाड गेलं की तेच पाणी उतारावरून धावत सुटतं आणि माती घेऊन जातं.

वंगारी अमेरिकेत जीवशास्त्र शिकल्या. १९७१ मध्ये नैरोबीत त्यांना डॉक्टरेट मिळाली; पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या त्या पहिल्या महिला डॉक्टरेट. संशोधनासाठी गुरांवरच्या गोचिडी गोळा करत त्या खेडोपाडी हिंडल्या. तिथे त्यांना हाडं वर आलेली गुरं दिसली, गढूळ नद्या दिसल्या, सरपणासाठी मैलोनमैल चालणाऱ्या बायका भेटल्या.

५ जून १९७७ रोजी नैरोबीच्या कामुकुंजी मैदानात सात झाडं लावून त्यांनी ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू केली. त्यांतली दोनच टिकली. सरकारी रोपवाटिकांतून लांबवर नेलेली रोपंही वाटेतच कोमेजायची. मग बायकांनी आपापल्या गावातच रोपं करायची असं ठरलं. शिकवायला आलेले वनाधिकारी जमिनीचा उतार, महागडी अवजारं असं काहीबाही सांगू लागले. वंगारी म्हणाल्या, पिकांचं बी पेरता तसंच हे पेरा. बायकांनी रानातल्या देशी झाडांचं बी वेचलं आणि फुटक्या मडक्यांत पेरलं. कोंबड्या-शेळ्यांनी फस्त करू नये म्हणून मडकी उंचावर ठेवली. तळाला भोक हवंच, कारण पाणी साचलं की कोवळी मुळं कुजतात. रोप शेतात लावायचं ते पावसाच्या तोंडावर. उशीर झाला तर मुळं धरण्याआधीच कोरडा काळ येतो.

आणि मोबदला? रोप लावलं एवढ्यावर पैसे मिळत नसत. काही महिन्यांनी ते जगलेलं दिसलं, तरच अमेरिकी चार सेंटएवढी रक्कम हाती पडे. या एका नियमामुळे बायका रोपांना पाणी घालत राहिल्या, कुंपण करत राहिल्या. माझ्या मते वंगारींची सगळ्यात मोठी युक्ती हीच. २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, तोवर चळवळीने तीन कोटींहून जास्त झाडं लावली होती.

नैरोबीलगतचं करुरा जंगल बिल्डरांच्या घशात जात होतं, तेव्हा त्या रोपं घेऊन तिथे धडकल्या. जानेवारी १९९९ मध्ये रखवालदारांनी हल्ला केला, त्यांचं डोकं फुटलं. बातमी जगभर गेली, नैरोबीतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षी सरकारला सार्वजनिक जमिनींचं वाटप थांबवावं लागलं. करुरा आजही उभं आहे.