डायनासोर उरले असते तर: एक पुतळा आणि एक गुणांक

माणसाऐवजी दुसराच एखादा प्राणी शहाणा झाला असता तर, असा विषय निघाला की एक फोटो हमखास फिरायला लागतो. हिरवट कातडी, केस नसलेलं गुळगुळीत डोकं, उभ्या बाहुल्यांचे बटबटीत डोळे, हाताला तीनच बोटं. परग्रहवासी वाटतो, पण आहे तो पुतळा. १९८२ मध्ये कॅनडातल्या एका पुराजीवशास्त्रज्ञाने एका शिल्पकाराला हाताशी धरून तो घडवला आणि त्याला नाव दिलं डायनोसॉरॉइड.

आधाराला खरं हाड होतं. अल्बर्टा प्रांतात सापडलेला स्टेनोनिकोसॉरस हा छोटा मांसाहारी डायनासोर. शरीराच्या मानाने मेंदू मोठा, डोळे बरेचसे समोर वळलेले, हात पकड घेऊ शकणारे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो लघुग्रह आदळलाच नसता आणि या वंशाचा मेंदू वाढतच गेला असता, तर काय झालं असतं? मेंदू धरला ११०० घन सेंटिमीटर. डोकं जड, म्हणून मान आखूड. मान आखूड, म्हणून धड ताठ. धड ताठ झाल्यावर शेपटीचं काम संपलं. मोठ्या डोक्याचं पिल्लू अंड्यात मावायचं कसं, म्हणून पुतळ्याला बेंबीसुद्धा आहे! स्तन मात्र नाहीत. पिल्लांना पक्ष्यांसारखा घास ओकून भरवायचा.

पायऱ्या एकेकट्या पाहिल्या तर पटतात. घोळ आहे तो ‘जड डोकं म्हणून ताठ धड’ या पायरीत. टी-रेक्सचं डोकं मीटरभराहून लांब होतं, तरी त्याचं धड आडवंच. तोल शेपूट सांभाळायची. माणसासारखा आकार आधी मनात आणि कारणं मागाहून, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला आणि माझ्या मते तो रास्त आहे.

पण या सगळ्याच्या मुळाशी जो आकडा आहे, त्याच्याकडे कमी लक्ष जातं. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला ईक्यू म्हणतात. (आपल्याकडे ईक्यू म्हटलं की भावनांक आठवतो; त्याचा इथे संबंध नाही.) एवढ्या वजनाच्या प्राण्याचा मेंदू सरासरीने केवढा असायला हवा ते काढायचं आणि प्रत्यक्षातल्या मेंदूला त्याने भागायचं. सस्तन प्राण्यांच्या पट्टीवर मांजर साधारण १ वर, माणूस ७ च्या पुढे. १९७० च्या दशकात ही पट्टी रूढ झाली आणि लगेच डायनासोरांनाही लावली गेली. पण तिथे ‘सरासरी’ कोणाची धरायची? काहींनी मगर १ धरली. मगरीच्या पट्टीवरचा ५ आणि मांजराच्या पट्टीवरचा ५ एक नव्हेत. लोकप्रिय लेखांत मात्र ते सर्रास शेजारीशेजारी छापले जातात. शिवाय याच हिशोबात दक्षिण अमेरिकेतलं कॅपुचिन माकड चिंपांझीच्या वर जातं, आणि गोरिला तर त्याच्या कितीतरी खाली. अशा आकड्याचा कल रेघ ओढून कोट्यवधी वर्षं पुढे नेणं हे धाडसच म्हणायचं.

त्या प्राण्याचं नावही स्थिर राहिलेलं नाही. १९८७ मध्ये त्याला ट्रूओडॉनमध्ये सामावून घेतलं. ट्रूओडॉन हे नाव १८५६ मध्ये एका सुट्या दातावरून दिलेलं. २०१७ मध्ये स्टेनोनिकोसॉरस पुन्हा वेगळा काढला गेला. आणि १९९६ पासून चीनमध्ये पिसं असलेले डायनासोर निघू लागल्यावर उघड्या कातडीचा पुतळा जुनाट दिसू लागला. नंतर काही चित्रकारांनी त्याच कल्पनेला आडवं धड, पिसं आणि चोच दिली.

खरी उलथापालथ झाली ती डायनासोरांचेच वंशज असलेल्या जिवंत पक्ष्यांमुळे. २०१६ मध्ये मोजणी झाली तेव्हा अक्रोडाएवढ्या मेंदूच्या मकाव पोपटाच्या अग्रमेंदूत मकाक माकडापेक्षा जास्त चेतापेशी निघाल्या. मेंदूचं वजन पेशींबद्दल किती कमी सांगतं, हे तेव्हा लख्ख दिसलं. ती मोजणी घेऊन २०२३ मध्ये कोणीतरी टी-रेक्सला बबून माकडाच्या पंगतीत बसवलं, सुमारे ३०० कोटी पेशी देऊन. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाने हिशोब तपासला आणि आकडा २५ ते १७० कोटींवर आणला. तो प्राणी मगरीसारखा मोजायचा की पक्ष्यासारखा, हा जुनाच प्रश्न त्यामागे होता.

आपल्या बाळगोष्टीत कावळ्याचं घर शेणाचं, पहिल्या पावसात वाहून जाणारं. २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत न्यू कॅलेडोनियाच्या एका कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली छोटी बादली वर ओढली, दहापैकी नऊ वेळा. पुतळ्याची तीन बोटं तिच्याकडे नव्हती, चोच होती. २०१६ मध्ये असं कळलं की तिचे रानातले भाईबंद काटक्या अशाच वाकवतात, म्हणजे ते तिला तिथल्या तिथे सुचलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.