प्रभाग पद्धती (महानगरपालिका निवडणूक)

एका प्रभागातून एकापेक्षा जास्त नगरसेवक निवडून देण्याची महाराष्ट्रातील महानगरपालिकांची रीत. बोलण्यात ‘वॉर्ड’ म्हणजे एक नगरसेवक आणि ‘प्रभाग’ म्हणजे तिघे-चौघे, असा सरळ फरक केला जातो. मुंबई याला अपवाद आहे. तिथला कारभार १८८८च्या स्वतंत्र कायद्याने चालतो आणि २२७ जागांसाठी २२७ वॉर्डच असतात. इतर महानगरपालिकांना १९४९चा कायदा लागू आहे.

प्रभागात किती नगरसेवक असावेत हे राज्य सरकार ठरवते, आणि सरकार बदलले की आकडाही बदलतो. २००२मध्ये तीन, २००७मध्ये एक, २०१२मध्ये दोन, २०१७मध्ये चार. २०१९च्या अखेरीस पुन्हा एकावर येण्याचे ठरले, २०२१मध्ये तीनवर, आणि २०२२मध्ये सत्तांतर होताच परत चारवर. कारण दर वेळी सोयीचे दिले गेले. कुणाला फायदा होणार याचे गणित मात्र चहाच्या टपरीवरही मांडले जात होते. मोठा प्रभाग संघटना आणि पैसा असलेल्या पक्षाला मानवतो. गल्लीत नाव कमावलेला अपक्ष चार-पाच पेठांच्या पसाऱ्यात हरवून जातो. पुण्यात २०२६च्या निवडणुकीत ४१ प्रभागांतून १६५ जागा होत्या. २०११च्या जनगणनेचाच आधार घेतला तरी एका प्रभागात सरासरी ८० हजारांहून अधिक लोकवस्ती येते.

प्रभागातील जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात आणि प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते. त्यामुळे ‘अ’मध्ये पडलेल्या उमेदवाराची मते ‘ड’मध्ये निवडून आलेल्यापेक्षा जास्त असू शकतात. पन्नास टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत. कोणती जागा कोणासाठी हे सोडतीत ठरते. चिठ्ठ्या सहसा शाळकरी मुलांच्या हातून काढल्या जातात. सोडतीच्या दिवशी सभागृहात बसलेल्या कित्येक माजी नगरसेवकांचा चेहरा एका चिठ्ठीने पडतो. मग संध्याकाळपर्यंत पत्नीच्या किंवा आईच्या नावाचा फ्लेक्स छापायला जातो.

उमेदवाराचे वय किमान २१ हवे. नाव त्याच शहराच्या मतदार यादीत असले की कोणत्याही प्रभागातून उभे राहता येते; सूचक व अनुमोदक मात्र त्या प्रभागातलेच लागतात. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती अपात्र ठरते. शौचालय वापराचे प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, राखीव जागेसाठी जात पडताळणीची कागदपत्रे अशी जुळवाजुळव आठवडाभर चालते. पण पक्षाच्या उमेदवाराचा जीव अडकतो एबी फॉर्ममध्ये, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असे सांगणाऱ्या पक्षाच्या पत्रात. बंडखोरी टाळायला पक्ष तो शेवटच्या दिवसापर्यंत हातचा राखतात. मूळ सहीचा फॉर्म त्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला नाही, तर वीस वर्षांची निष्ठा असूनही उमेदवार अपक्षच ठरतो.

मतदान केंद्रावर गोंधळ होतो तो नेमका चार मतांचा. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो: पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. लोकसभा-विधानसभेच्या सवयीने एक बटण दाबून मतदार बाहेर यायला निघतो, आणि आतले कर्मचारी ‘आजी, अजून तीन राहिली’ म्हणून हाक मारतात. चौथे मत नोंदले गेल्यावरच यंत्राचा लांब आवाज येतो. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथे ‘नोटा’ दाबायचे. विधानसभेला दिसणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी इथे नसते. चारही मते एकाच चिन्हाला पडावीत म्हणून पक्ष ‘पॅनेल टू पॅनेल’ असा घोष लावतात. तरी मतदार दोन इथे, दोन तिथे करतातच, आणि निकालानंतर पॅनेलमधले सहकारी एकमेकांकडे संशयाने पाहतात.

निवडून आल्यावरचा प्रश्न गटाराचा. झाकण तुटले तर फोन कुणाला करायचा? चौघांचीही हद्द तीच, म्हणून कामाच्या उद्घाटनाच्या पाटीवर चौघेही असतात, तक्रारीच्या वेळी मात्र प्रत्येक जण दुसऱ्याचे नाव सांगतो. काही ठिकाणी ते आपसांत भाग वाटून घेतात. कायद्यात अशी वाटणी नाही.

ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या वादात २०२२च्या निवडणुका रखडल्या. मुंबई-पुण्यात त्या वर्षीच्या मार्चपासून प्रशासक बसले. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईत तर २०२०पासूनच होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महानगरपालिकांत एकाच दिवशी मतदान झाले. त्यांत इचलकरंजी आणि जालना पहिल्यांदाच महानगरपालिका म्हणून मतदानाला सामोऱ्या गेल्या.