माळढोक, नान्नज आणि कागदावरचे ८,४९६ चौरस किलोमीटर

सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या माळावर माळढोक पक्षी अजून आहे का, हा प्रश्न सोलापुरात दर पावसाळ्यात निघतोच. हल्ली एखादी मादी लांबून दिसली तरी बातमी होते, नर दिसणं तर विसराच. दोष कधी शेतकऱ्याला, कधी वनखात्याला, कधी नुसतंच नशिबाला दिला जातो. माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी माळढोकचं अभयारण्य जाहीर करणारं १९७९ चं एक नोटिफिकेशन आहे, आणि त्यावर जेवढं बोलायला हवं तेवढं कुणी बोलत नाही.

त्याआधीचं थोडक्यात. इंग्रजांच्या काळात आणि नंतरही हा पक्षी मांसासाठी आणि हौसेखातर भरपूर मारला गेला. राष्ट्रीय पक्षी ठरवताना याचंही नाव पुढे होतं, पण १९६३ ला मान मोराला मिळाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या शेड्यूलमध्ये आला, म्हणजे शिकार कायद्याने बंद. त्याच सुमारास आपल्याकडे तो मोठा दुष्काळ पडला आणि त्यानंतर अवर्षणप्रवण भागासाठीच्या योजनेतून नान्नजच्या आसपास माळाचे काही प्लॉट चराईला बंद करून राखले. हेतू गवत आणि माती वाचवायचा होता, माळढोक कुणाच्या डोक्यातही नव्हता. पण गवत वाढलं, नाकतोडे वाढले आणि माळढोक तिथे येऊन राहिला. सोलापूरच्याच एका पक्षीनिरीक्षकाने ते हेरून पाठपुरावा केला म्हणून बाहेरच्या जगाला नान्नज कळलं.

आता हा पक्षी जगतो कसा ते बघा, म्हणजे पुढचा घोळ कळेल. उंची साधारण मीटरभर, नराचं वजन आठ किलोपासून पंधरापर्यंत, म्हणजे जगातल्या सगळ्यात जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. मादी बरीच लहान. खाण्याचे नखरे नाहीत, नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरं, शेतातले दाणे, जे मिळेल ते. पायाला मागचं बोटच नाही त्यामुळे झाडाची फांदी धरून बसता येत नाही, सगळा संसार जमिनीवर. आपल्याकडे विणीचा हंगाम पावसाळ्यात. नर उघड्या माळावर ठरलेल्या जागी उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवतो, शेपटी पाठीवर घेतो आणि घुमतो, तो आवाज शांत माळावर लांबपर्यंत जातो. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि नंतर त्याचा काही संबंध नाही. मादी उघड्या जमिनीवर, घरटं वगैरे न करता, साधारण वर्षाला एकच अंडं घालते. सत्तावीसेक दिवस एकटी उबवते, पिल्लू पुढच्या हंगामापर्यंत तिच्याच मागे असतं. ते एक अंडं कुत्र्याने, कावळ्याने नाहीतर मेंढराच्या पायाने गेलं की बहुतेक वेळा ते वर्ष गेलं.

म्हणजे गरज दोन प्रकारची आहे. वर्षभर फिरायला मोठा मुलूख लागतो, त्यात शेती चालते, ज्वारी-हरभऱ्याचं रान तर त्याला आवडतंच. पण जून ते ऑक्टोबर गवताचा एक तुकडा अगदी शांत हवा. पहिलीसाठी जमीन ताब्यात घ्यायची गरज नाही, शेती जुन्या पद्धतीची राहिली की पुरतं. दुसरीसाठी मात्र कडक राखण लागते.

१९७९ ला झालं उलटं. अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर जिल्ह्यातले उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या नगरमधले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा, असा सगळा पट्टा एका दमात. यात वनखात्याची जमीन अगदी थोडी, बाकी सगळी लोकांची, म्हणजे शेतं, वाड्यावस्त्या, बाजाराची गावं, रस्ते, रेल्वेलाइन. पक्षी जिथवर फिरतो तिथवर रेघ ओढली असं त्यामागचं समर्थन असतं आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. तेव्हा एवढी मोठी रेघ ओढली नसती तर काहीच वाचलं नसतं असं मानणारे जाणकार आजही आहेत. पण ज्या जमिनीवर राखण करायला माणूसच ठेवता येत नाही ती अभयारण्यात घेऊन मिळवलं काय?

सुरुवातीला कुणाला फरकही पडला नाही. बोर्ड लागले, नान्नजच्या प्लॉटवर पहारा बसला, माळढोक वाढलेसुद्धा, देशभरातले लोक बघायला यायला लागले. खरी अडचण पुढे आली. वन्यजीव कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने अभयारण्याची हद्द बदलणं अवघड झालं आणि नोव्हेंबर २००० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आमच्या परवानगीशिवाय अभयारण्य कमी करायचंच नाही. झालं, कागदावरची रेघ दगडावरची झाली. आता जमीन एनए (बिगरशेती) करायची, मुरूम काढायचा, कारखाना टाकायचा, रस्ता रुंद करायचा म्हटलं की फाइल माळढोकपाशी अडायची, आणि अडलेल्या माणसाने आयुष्यात तो पक्षी बघितलेला नसायचा. ज्या पक्ष्याला गावाने सांभाळायचं तो सातबाऱ्याच्या आड येणारा सरकारी पाहुणा झाला. लोकांच्या रागाला कारण होतं, फक्त तो राग चुकीच्या जागी निघाला.

शेवटी समित्या, अहवाल, कोर्ट असं सगळं होऊन २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पुढे ते आणखी घटलं. तोवर माळाचं रूप पार बदललेलं. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, डाळिंब आलं, आणि द्राक्षाची सोनाका ही जात तर नान्नजचीच, माळढोक आणि सोनाका, एकाच गावामुळे दोन नावं जगभर गेली म्हणा ना. द्राक्षबाग म्हणजे मांडव, तारा, फवारणी, रोजची माणसांची ये-जा. शेतकऱ्याने ते करू नये असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही, पण माळढोकला त्या बागेत जागा नाही. वर वनीकरणाच्या उत्साहात खुद्द गवताच्या माळावर ग्लिरिसिडिया आणि कडुनिंब लावले. जो पक्षी झाडावर बसूच शकत नाही आणि ज्याला चारी बाजूंनी लांबवर दिसावं लागतं त्याच्या घरात झाडी! हे मात्र शेतकऱ्याने केलेलं नाही.

आणि विजेच्या तारा. माळढोकचे डोळे बाजूला असतात, समोरचं कमी दिसतं, शरीर जड, ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थान आणि गुजरातमध्ये याच कारणाने एप्रिल २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखाली घालायला सांगितल्या, क्षेत्र राजस्थान-गुजरात मिळून ९९,००० चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून पुन्हा समिती नेमली. सोलापूरकराला हा सिनेमा बघितल्यासारखा वाटला असेल. इकडे सोलापूरजवळ बोरामणीला योजलेल्या विमानतळाच्या चर्चेतही माळढोकचं नाव आलंच.

देशाचा हिशेब असा की १९६९ च्या सुमारास अंदाज साडेबाराशेच्या वर होता, २०१८ पर्यंत तो दीडशेच्या आसपास आला, आणि उरलेले जवळजवळ सगळे जैसलमेरकडे. कच्छमध्ये गेली काही वर्षं नुसत्या माद्या. २०१९ पासून जैसलमेरजवळ माळावरची अंडी उचलून पिल्लं वाढवतायत, ऑक्टोबर २०२४ ला कृत्रिम रेतनातूनही एक पिल्लू झालं, तिथली संख्या वाढतेय. उद्या त्यातली काही दक्षिणेत सोडायची ठरली तर नान्नजचा विचार व्हावा असं मला वाटतं, पण त्याआधी राखीव प्लॉटवरचा ग्लिरिसिडिया निघाला पाहिजे, भटक्या कुत्र्यांचं काहीतरी झालं पाहिजे, प्लॉटच्या लगतच्या तारा खाली गेल्या पाहिजेत आणि पावसाळ्याचे चार-पाच महिने मेंढपाळाला दुसरीकडे चारा मिळाला पाहिजे. या कामांना हजारो चौरस किलोमीटर लागत नाहीत.