व्हिडिओ गेमवर आधारित पाळणे

जत्रेत किंवा मनोरंजन उद्यानात बसणाऱ्याला गरगर फिरवणाऱ्या, उंच नेणाऱ्या अथवा वेगाने खाली सोडणाऱ्या यंत्राला मराठीत सरसकट पाळणा म्हणतात. उद्यानाच्या तिकीटखिडकीवर त्याचीच राइड होते. व्हिडिओ गेममधील पात्रे, जागा आणि मुख्य म्हणजे नियम घेऊन उभारलेला पाळणा हा त्याचा अलीकडचा प्रकार होय. साध्या पाळण्यात माणूस नुसता बसून असतो; इथे त्याच्या हालचालीने निकाल बदलावा अशी अपेक्षा असते. ती पुरी होत नसेल, तर खांबावर गेममधला मारिओ रंगवला म्हणून आकाशपाळणा काही गेम ठरत नाही.

सोलापुरात पाळण्याची ओळख गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत, होते. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा होतो. होमप्रदीपनाचा विधी ज्या होम मैदानावर होतो, तिथेच ट्रकमधून सुट्या भागांत आलेले आकाशपाळणे, कोलंबस, ब्रेकडान्स आणि ड्रॅगन ट्रेन जोडून उभ्या केल्या जातात. यांतील ब्रेकडान्स या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्याचा मोठा चौथरा फिरतो, चौथऱ्यावरील गाड्यांचे गट स्वतंत्रपणे फिरतात आणि प्रत्येक गाडी स्वतःच्या खिळीवर मोकळी असते. त्यामुळे आत बसलेल्यांच्या वजनाप्रमाणे तिची गिरकी दर फेरीला वेगळी पडते, आणि सराईत पोरे नेमक्या वळणावर अंग एका बाजूला झोकून ती वाढवतात. फेरीवर बसणाऱ्याचा ताबा चालण्याची सुरुवात इथेच होते. त्यासाठी संगणक लागत नाही.

रुळांवरच्या पाळण्याला व्यावसायिक रूप 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन याने दिले. शिकागोच्या 1893 च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस याने उभारलेले चक्र 264 फूट उंच होते. त्याला 36 डबे होते आणि एका डब्यात 60 माणसे मावत. डिस्नेलँड 1955 मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 पासून 2022 पर्यंत चालले, तर खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 मध्ये आले. तिथे हिंदी चित्रपटावर बेतलेली राइड आहे.

गेम कंपन्यांपैकी सेगाने 1994 मध्ये योकोहामात जॉयपोलिस हे बंदिस्त उद्यान उघडले. या प्रकाराला खरा बहर मात्र ओसाकातील युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये 2021 साली सुरू झालेल्या सुपर निन्टेंडो वर्ल्डने, म्हणजे निन्टेंडो या गेम कंपनीच्या खेळांवरील विभागाने, आणला. पुढे हॉलीवूड (2023) आणि ऑरलँडो (2025) येथेही ते उभे राहिले. तिथल्या मारिओ कार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवरील राइडमध्ये चार जणांच्या गाडीत प्रत्येकाच्या डोक्यावर टोपीसारखा पट्टा आणि डोळ्यांपुढे पारदर्शक काच असते. खऱ्या देखाव्यावर गेममधील पात्रे उमटतात, आणि सुकाणू वेळेवर वळवून व कवचे फेकून गुण मिळवायचे असतात. गाडी प्रत्यक्षात संथच चालते, वेगाचा भास तेवढा डोळ्यांना होतो. 2024 च्या डिसेंबरात ओसाकातच सुरू झालेल्या, डाँकी काँग या गेमवरील खाणगाडीची युक्ती अधिक रोचक आहे: दिसणारे तुटके रूळ हा देखावा असून गाडी एका दांड्यावर तोललेली असते, आणि तो दांडा खाली झाकलेल्या खऱ्या रुळांवरून धावतो. म्हणून ती गेममधल्यासारखी तुटलेल्या रुळांवरून उडी मारल्यागत दिसते.

फिरत्या जत्रेत हे जसेच्या तसे आणता येणार नाही. होम मैदानाच्या धुळीत काचेचे चष्मे टिकत नाहीत, प्रत्येक फेरीनंतर ते पुसत बसले तर रांग हलत नाही, आणि पाळणेवाल्याचा सगळा हिशेब तासाला किती माणसे बसली यावर असतो. शिवाय परदेशी पात्रे वापरायची तर परवाना घ्यावा लागतो. त्यापेक्षा नवी मुंबईत घडलेल्या लुडो किंगसारख्या (2016) घराघरांत पोचलेल्या खेळाचे नियम उचलणे सोपे: चार रंगांच्या गाड्या आणि मधोमध मोठा फासा. सोंगट्यांचा पट कोणाच्या मालकीचा नाही.

सोलापूरला साजेशी कल्पना मात्र चादरी विणण्याच्या मागावरून निघते. जोसेफ मारी जकार्ड याच्या 1804 च्या मागात पुठ्ठ्याच्या पत्त्यावरील भोक ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलायचा की नाही हे ठरवते; नक्षी आधी चौकटीच्या कागदावर घरे भरून काढतात, आणि सुरुवातीच्या व्हिडिओ गेममधील चित्रेही अशीच घराघरांनी बनत. तेव्हा ब्रेकडान्सच्या मधल्या खांबावर दिव्यांच्या चौकटी बसवाव्यात आणि प्रत्येक गाडीत एक खटका द्यावा. गाडीचे तोंड खांबाकडे असतानाच दाबलेल्या खटक्याने एक घर उजळते, चुकल्यास धागा तुटून ओळ विझते. सगळ्या गाड्यांनी मिळून फेरी संपण्यापूर्वी एक चादर विणायची. तोंड खांबाकडे आणण्यासाठी अंग झोकावेच लागते, म्हणजे जुने कसब वाया जात नाही. पडद्यापेक्षा दिवे बरे, कारण पडदा बिघडला की फेरीच बंद पडते. दहा दिवे गेले तर चादरीला दहा भोके दिसतील एवढेच. खटक्याची तार मात्र गाडीच्या फिरत्या खिळीतून नेता येत नाही, पिळून तुटते. त्यासाठी सरकते विद्युत्स्पर्श किंवा बॅटरीवरचा बिनतारी खटका लागतो, आणि बॅटऱ्या रोज दुपारी, गर्दी सुरू होण्यापूर्वी, बदलाव्या लागतात.