स्वमग्न मुलाला शाळेत सोयी-सवलती मिळवताना: प्रमाणपत्र, अर्ज आणि पोच

स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलासाठी शाळेत अधिकृतपणे सोयी मिळवायच्या, तर महाराष्ट्रातील पालकाला दोन वेगळ्या दारांशी जावे लागते. एक दार आरोग्य विभागाचे, जिथे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते; दुसरे शाळेचे आणि शिक्षण विभागाचे, जिथे प्रत्यक्ष सोय मिळते. पहिले दार उघडले की दुसरे आपोआप उघडेल असे समजून अनेक पालक प्रमाणपत्राची झेरॉक्स शाळेत देऊन निर्धास्त होतात, आणि वर्ष संपत आले तरी वर्गात काहीच बदललेले नसते. प्रमाणपत्र मूल कोण आहे ते सांगते; त्याला काय हवे ते पालकांनाच लेखी मागावे लागते.

या मागणीचा आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. आधीच्या १९९५ च्या कायद्यातील यादीत नसलेली स्वमग्नता त्यांत समाविष्ट आहे. कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने दिव्यांग मुलाला भेदभावाशिवाय प्रवेश द्यायचा आहे आणि त्याच्या वैयक्तिक गरजेनुसार वाजवी सोयी पुरवायच्या आहेत. मान्यताप्राप्त खासगी विनाअनुदानित शाळाही त्यात आल्या. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा: प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असण्याची अट कलम ३१ मधील मोफत शिक्षणाच्या हक्काला आहे, जो ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मिळतो, कलम १६ मध्ये टक्केवारीचा उल्लेखही नाही. त्यामुळे ‘चाळीस टक्के नाहीत, म्हणून आम्ही काही करू शकत नाही’ हे शाळेचे उत्तर ग्राह्य धरण्याचे कारण नाही.

प्रमाणपत्रासाठीचा अर्ज केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर भरायचा असतो. मुलाचे आधार कार्ड, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा, जन्माचा दाखला आणि आतापर्यंतचे वैद्यकीय व थेरपीचे अहवाल स्कॅन करून तयार ठेवावेत. अर्जात रुग्णालय निवडल्यावर तपासणीसाठी मुलाला घेऊन तेथे जावे लागते. खासगी डॉक्टरांचे निदान हे दिव्यांगत्व प्रमाणपत्र नव्हे, परंतु तो अहवाल सोबत असला की तपासणाऱ्याला मुलाचा पूर्वेतिहास कळतो. २०२४ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांपर्यंतची मुदत आहे, हे गृहीत धरूनच शाळाप्रवेशाचे वेळापत्रक आखावे.

स्वमग्नतेची टक्केवारी ‘आय.एस.ए.ए.’ या भारतीय मापनश्रेणीवरून ठरते. तिच्यात सामाजिक देवाणघेवाण, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वर्तन, संवेदना आणि आकलन अशा सहा विभागांत मिळून ४० बाबी आहेत, आणि प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण दिले जातात. एकूण ७० पासून पुढे स्वमग्नता मानली जाते. गुण देताना मुलाचे निरीक्षण आणि पालकांची उत्तरे दोन्ही विचारात घेतात, आणि नेमके इथेच आईवडील चुकतात. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांसमोर आपल्या मुलाला कमी लेखले जाऊ नये म्हणून ‘घरी सगळं करतो हो, कधीकधीच चिडतो’ असे आपण बोलून जातो. ते प्रेमापोटी असले तरी गुण त्यावरच पडतात. आठवडाभर आधी रोज दोन ओळी लिहून ठेवाव्यात: मिक्सर लावल्यावर काय झाले, नेहमीचा रस्ता बदलल्यावर किती वेळ रडला, हाक किती वेळा मारावी लागली. हा कागद पाहून उत्तरे दिली की अतिशयोक्तीही होत नाही आणि झाकपाकही होत नाही.

प्रमाणपत्राबरोबर मिळणाऱ्या दिव्यांग व्यक्तीच्या वैश्विक ओळखपत्राचा (यू.डी.आय.डी. कार्डाचा) रंग टक्केवारीप्रमाणे असतो: ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, ८० व त्यापुढे निळा. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते, म्हणून त्यावरील पुनर्तपासणीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लगेच लिहून टाकावी. निर्णय मान्य नसल्यास अपिलाची तरतूद कायद्यात आहे.

शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश हवा असल्यास दिव्यांग बालक वंचित घटकात मोडते, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मात्र शासकीय रुग्णालयाचे किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र, जन्माचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा लागतो. प्रवेश सोडतीने होत असल्याने तो मिळेलच असे नाही.

आता शाळेला द्यावयाचा अर्ज. तो मुख्याध्यापकांच्या नावे, दोन प्रतींत असावा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे झालेली गप्पागोष्ट. सोबत प्रमाणपत्राची स्वसाक्षांकित प्रत जोडावी. मूळ प्रमाणपत्र शाळेत कधीही जमा करू नये. प्रमाणपत्र अजून आले नसेल तर निदानाचा अहवाल आणि ऑनलाइन अर्जाची पावती जोडून अर्ज करावा. त्यासाठी थांबून राहू नये.

अर्जातील मजकूर हाच खरा कळीचा भाग आहे. ‘माझ्या मुलाला समजून घ्यावे व सहकार्य करावे’ या वाक्यावर कोणताही शिक्षक होकारार्थी मान हलवील, पण सोमवारी सकाळी नेमके काय करायचे हे त्याला त्यातून कळणार नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘प्रार्थनेच्या वेळी त्याची रांग ध्वनिवर्धकाजवळ असते, आवाज सुरू होताच तो कान झाकून रांगेतून पळतो. त्याला रांगेच्या शेवटी, भिंतीलगत उभे करावे.’ किंवा: ‘तोंडी दिलेल्या तीन सूचनांपैकी त्याच्या लक्षात पहिलीच राहते. गृहपाठ फळ्यावर लिहावा किंवा वहीत लिहून द्यावा.’ आधी दिसणारी गोष्ट, मग मागणी, असे चार-पाच मुद्दे पुरतात. पंधरा मागण्यांची यादी पाहून वर्गशिक्षिका दडपून जाते, आणि साठ मुलांच्या वर्गात तिचे ते दडपण खोटेही नसते. अर्जाच्या अखेरीस वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे त्या एका मुलाची उद्दिष्टे व सोयी लिहिलेली योजना, तयार करण्यासाठी बैठकीची तारीख मागावी.

शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत समग्र शिक्षा अभियानाचा समावेशित शिक्षण विभाग हा मोठा आधार आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात यासाठी विशेष तज्ज्ञ व विशेष शिक्षक असतात. मुलाची नोंद शाळेच्या ‘यू-डायस’ या शासकीय माहिती-प्रणालीत विशेष गरजा असलेले बालक म्हणून झाली आहे ना, हे मुख्याध्यापकांना आवर्जून विचारावे, कारण नोंद नसलेले मूल प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता अशा लाभांच्या यादीत येतच नाही. २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पहिली ते पाचवीच्या अशा दहा मुलांमागे आणि सहावी ते आठवीच्या पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असायला हवा. प्रत्यक्षात एकाच शिक्षकाकडे अनेक शाळा असतात, म्हणून त्यांच्या भेटीचा वार विचारून त्या दिवशी आपणही शाळेत जावे.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत राहणारा मदतनीस, याबाबत गैरसमज फार आहेत. काही खासगी शाळा पालकांनी स्वखर्चाने मदतनीस ठेवावा, तरच प्रवेश, अशी अट घालतात. मदतनीसाची गरज असू शकते, पण ती प्रवेशाची पूर्वअट करणे हे कलम १६ मधील भेदभाव न करण्याच्या कर्तव्याशी विसंगत आहे. ही अट तोंडी न ऐकता लेखी मागावी. पुष्कळदा तेवढ्यानेच ती सौम्य होते.

दहावी-बारावीला राज्य मंडळाकडून तासामागे २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक आणि विषयांतील काही सवलती मिळू शकतात. त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून नववीतच शाळेशी बोलून घ्यावे. लेखनिक हवा असेल तर सांगून लिहवून घेण्याचा सराव आधीच्या सहामाही परीक्षेपासून करावा. आयत्या वेळी अनोळखी मुलगा शेजारी बसला की स्वमग्न विद्यार्थी गोंधळून जातो.

अर्जाला दाद मिळाली नाही तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यावे, मग आवक क्रमांकाचा उल्लेख करून गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे, आणि तरीही हालचाल नसेल तर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. तिथे पहिला प्रश्न येण्याची शक्यता आहे तो, ‘शाळेला लेखी कधी कळवले होते?’ हाच. त्या शिक्क्याची प्रत फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवावी.